अमेरिकेतील आद्य नभोवाणी आणि तिचे सामाजिक परिणाम (इ. स. १९२०–१९४०)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जी सामाजिक स्थित्यंतरे झाली, त्यांचा विचार करताना मोटारगाडी, चित्रपट आणि नभोवाणी ह्या तिहींचा उल्लेख सामान्यतः एकत्रच केला जातो. पहिल्या दोहोंनी माणसाला घराबाहेर काढले, तर तिसरीने बाहेरचे जग घरात आणून सोडले, असे एक सोपे समीकरणही मांडण्यात येते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. यंत्र आले आणि त्यामागोमाग समाज बदलला, असा कार्यकारणभाव त्यात गृहीत धरलेला असतो.

प्रस्तुत निबंधाचा रोख निराळा आहे. नभोवाणीने अमेरिकन समाज बदलला हे निर्विवाद होय; मात्र हा बदल कोणत्या दिशेने व्हावा हे यंत्राने ठरविले नाही. आकाशातील तरंग कोणाच्या ताब्यात असावेत आणि कार्यक्रमांचा खर्च कोणी सोसावा, ह्या दोन प्रश्नांना १९२० ते १९३४ ह्या चौदा वर्षांत जी उत्तरे मिळाली, त्यांनी ते ठरविले. ही उत्तरे अपरिहार्य नव्हती. ती दिली गेली त्या वेळी त्यांना विरोध करणारेही पुष्कळ होते. त्या विरोधाचा विसर पडल्यामुळेच पुढे जे घडले ते केवळ स्वाभाविक होते असा भास होतो.

१. उणिवेचे गुणात रूपांतर

मार्कोनीच्या बिनतारी यंत्राचा मूळ हेतू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, मुख्यतः जहाजावरून किनाऱ्यावर, संदेश पोहोचविणे हा होता. ह्या दृष्टीने पाहता त्या यंत्रात एक मोठी उणीव होती. तारेतून गेलेला संदेश ज्याचा त्यालाच मिळे; बिनतारी संदेश मात्र ज्याच्यापाशी ग्रहणयंत्र असेल त्या कोणालाही ऐकता येई. गुप्तता राखता येत नाही, ही आरमाराची आणि व्यापारी कंपन्यांची कायमची तक्रार होती. १९१२ च्या एप्रिल महिन्यात 'टायटॅनिक' जहाज बुडाले, आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने बिनतारी केंद्रांना परवान्याची सक्ती करणारा कायदा केला. त्यातही विचार होता तो जहाजांच्या सुरक्षिततेचा. सर्वांनी मिळून ऐकावे अशा प्रक्षेपणाची कल्पना त्या कायद्यात नव्हती.

ही कल्पना प्रथम रुजली ती हौशी मंडळींत. देशभर विखुरलेले हे हजारो तरुण स्वतःच्या हाताने यंत्रे जुळवीत आणि परस्परांशी बोलत. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरताच त्यांची केंद्रे बंद करण्यात आली आणि बिनतारी यंत्रणा आरमाराच्या हाती गेली. युद्धसमाप्तीनंतर, १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये, आरमाराच्या प्रोत्साहनाने 'रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' ही कंपनी जनरल इलेक्ट्रिकने स्थापन केली. ब्रिटिश वर्चस्वाखालील मार्कोनी कंपनीचा अमेरिकेतील व्यवहार तिने घेतला. तिचेही उद्दिष्ट समुद्रापार संदेश पाठविण्याचे होते.

वळण मिळाले ते पिट्सबर्ग शहरी. वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता फ्रँक कॉनरॅड हा आपल्या घराशेजारच्या गॅरेजातून ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून त्यांचे प्रक्षेपण करीत असे. १९२० च्या सप्टेंबरमध्ये तेथील एका मोठ्या दुकानाने, कॉनरॅडचे संगीत ऐकण्यासाठी तयार यंत्रे विकत मिळतील, अशी जाहिरात वृत्तपत्रात दिली. ती वेस्टिंगहाउसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस ह्यांच्या पाहण्यात आली. ज्याला आजवर दोष समजले जात होते तोच ह्या यंत्राचा खरा गुण आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. एकाने बोलावे आणि असंख्यांनी ऐकावे. त्या असंख्यांना यंत्रे विकता येतील. २ नोव्हेंबर १९२० रोजी 'केडीकेए' ह्या केंद्रावरून हार्डिंग आणि कॉक्स ह्यांच्यातील अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगण्यात आले. श्रोते मोजकेच होते. परंतु वृत्तपत्र छापून निघण्यापूर्वीच राष्ट्राचा निर्णय त्यांना घरबसल्या कळला होता.

२. खर्च कोणी सोसावयाचा?

ह्यानंतरची वाढ विलक्षण वेगाने झाली. १९२२ अखेर देशात पाचशेहून अधिक केंद्रे चालू होती. यंत्रे बनविणारे कारखाने, वृत्तपत्रे, मोठी दुकाने, विद्यापीठे, चर्चसंस्था अशा नाना प्रकारच्या चालकांनी ती काढलेली होती. ह्यांपैकी बहुतेकांना प्रक्षेपणातून प्रत्यक्ष प्राप्ती नव्हती. कारखानदाराला यंत्रे खपवावयाची होती, वृत्तपत्राला नाव हवे होते आणि विद्यापीठाला ज्ञानप्रसार करावयाचा होता. गायक-वादकही प्रारंभी हौसेने, विनावेतन येत. परंतु ही हौस फार काळ टिकणारी नव्हती. १९२३ मध्ये गीतकार व संगीतकार ह्यांच्या संघाने मानधनाचा हक्क न्यायालयातून मिळविला, आणि खर्चाचा प्रश्न टाळता येईना.

त्या वेळी अनेक मार्ग पुढे आले होते. पुढे व्यापारी नभोवाणीचे अध्वर्यू ठरलेले डेव्हिड सार्नॉफ ह्यांनीच १९२२ मध्ये असे सुचविले होते की, यंत्रविक्रीच्या उत्पन्नातील दोन टक्के रक्कम बाजूला काढून तीतून एक लोकसेवी प्रक्षेपण-संस्था चालवावी. न्यूयॉर्क नगरपालिकेने १९२४ मध्ये करदात्यांच्या पैशातून स्वतःचे केंद्र काढले. ब्रिटनमध्ये प्रत्येक श्रोत्याकडून परवाना-शुल्क घेऊन बीबीसी चालविण्यात आली. हिंदुस्थानातही मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी परवाना-शुल्काच्या भरवशावरच सुरू झाले. परंतु श्रोते थोडे असल्याने ते चालविणारी खासगी कंपनी १९३० मध्ये मोडीत निघाली व सरकारला ते काम हाती घ्यावे लागले. सारांश, मार्ग एकच होता असे नव्हे, आणि प्रत्येक मार्गात काही अडचण होती.

अमेरिकेने जो मार्ग स्वीकारला तो एका टेलिफोन कंपनीने दाखविला. 'अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ' कंपनीची समजूत अशी की, लोक टेलिफोनसाठी पैसे भरून बोलतात त्याप्रमाणे नभोवाणीवरही पैसे भरून बोलतील. तिच्या न्यूयॉर्क येथील 'डब्ल्यूईएएफ' केंद्रावरून २८ ऑगस्ट १९२२ रोजी क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्स येथील सदनिकांची जाहिरात करणारे भाषण झाले. विकत घेतलेल्या वेळेतील पहिली जाहिरात म्हणून तिचा निर्देश केला जातो. लोकसेवेची एवढी मोठी शक्यता जाहिरातबाजीच्या गलबल्यात बुडू देणे अकल्पनीय आहे, अशा आशयाचे उद्गार व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर ह्यांनी त्याच वर्षी वॉशिंग्टन येथील परिषदेत काढले होते.

जाहिरात घरात शिरली ती दबकत. आरंभी वस्तूचे गुणवर्णन नसे. फक्त वाद्यवृंदाला तिचे नाव दिलेले असे. इपाना ह्या दंतमंजनाच्या नावाचे 'इपाना ट्रूबदूर्स' असत, तर एका किराणा-दुकानांच्या मालिकेच्या आद्याक्षरांवरून 'ए अँड पी जिप्सीज' असत. दशक संपेपर्यंत हा संकोच ओसरला, आणि १९३२ पासून मोठ्या शृंखलांवर वस्तूंच्या किमतीही सांगण्यास मुभा मिळाली. कार्यक्रम रचण्याचे कामही हळूहळू केंद्रांकडून जाहिरात-संस्थांकडे गेले.

ह्याचा एक सूक्ष्म परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कार्यक्रम किती लोक ऐकतात हे जाहिरातदारास कळणे आवश्यक झाले, आणि १९३० मध्ये क्रॉसली ह्यांनी टेलिफोनवरून विचारणा करून श्रोत्यांची मोजणी सुरू केली. म्हणजे ज्याच्या घरी टेलिफोन नाही तो मोजणीत येत नसे. गरीब मजूर, दूरवरचा शेतकरी आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय हे ऐकत असले तरी श्रोते म्हणून त्यांची गणना होत नव्हती. ज्याची गणना नाही त्याच्या आवडीला किंमतही नाही. श्रोता आणि ग्राहक ह्या दोन कल्पना येथे एकरूप झाल्या.

३. आकाशाची मालकी

दुसरा प्रश्न तरंगांच्या ताब्याचा. दोन केंद्रे एकाच तरंगलांबीवर बोलू लागली की दोहोंचाही आवाज श्रोत्यास धड ऐकू येत नाही. म्हणून कोणी कोणत्या तरंगलांबीवर आणि केव्हा बोलावे ह्याचा निर्णय कोणीतरी देणे भाग होते. हूवर ह्यांनी १९२२ ते १९२५ ह्या काळात चार परिषदा भरवून आपसांतील संमतीने हे काम निभावून नेले. परंतु १९१२ च्या कायद्याने त्यांना तसा अधिकारच दिलेला नव्हता. शिकागोच्या झेनिथ कंपनीने न नेमलेल्या तरंगलांबीवर प्रक्षेपण केले, आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. परिणाम असा झाला की काही महिन्यांतच दोनशेहून अधिक नवी केंद्रे निघाली, जुन्यांनी आपल्या जागा आणि शक्ती मनमानेल तशा बदलल्या, आणि कित्येक शहरांत शिट्ट्या व खरखर ह्यांपलीकडे काही ऐकू येईना.

ह्या गोंधळातून २३ फेब्रुवारी १९२७ चा नभोवाणी-कायदा जन्मास आला. त्याचे तत्त्व उदात्त होते. तरंग कोणाच्याही खासगी मालकीचे नाहीत, परवाना म्हणजे ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी होय, आणि ती 'लोकहित, सोय अथवा निकड' पाहूनच द्यावी, असे त्यात म्हटले होते. परवाने देण्यासाठी पाच सदस्यांचा आयोग नेमण्यात आला. कार्यक्रमांवर पूर्वनियंत्रण ठेवण्याची मनाई होती, तसेच एका उमेदवारास वेळ दिल्यास प्रतिस्पर्ध्यासही तशीच संधी देण्याचे बंधन होते.

प्रत्यक्षात मात्र 'लोकहित' ह्या शब्दाचा अर्थ आयोगाने जो लावला तो बलवानांच्या सोयीचा ठरला. १९२८ मध्ये आयोगाने सर्व तरंगलांबींची फेरवाटणी केली. ज्या केंद्राची यंत्रसामग्री उत्तम, जे दिवसभर अखंड चालते आणि ज्याचे कार्यक्रम सर्वसामान्य आवडीचे आहेत, ते लोकहितास अधिक पोषक, असा निकष लावण्यात आला. एखाद्या विशिष्ट मताचा वा वर्गाचा पुरस्कार करणारी केंद्रे 'प्रचारी' ठरली. विक्रीच्या हेतूने चालणारी केंद्रे मात्र सर्वांची मानली गेली. विद्यापीठांच्या आणि कामगार संघटनांच्या वाट्याला दिवसाचे मोजके तास, कमी शक्ती आणि इतरांशी वाटून घ्यावयाच्या तरंगलांबी आल्या. १९२७ ते १९३० ह्या तीन वर्षांतच विद्यापीठीय केंद्रांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. त्यांना कोणी कायद्याने बंद केले नाही. टिकून राहणे तेवढे अशक्य करून ठेवण्यात आले.

ह्याविरुद्धची चळवळ १९३४ मध्ये निर्णायक टप्प्यास पोहोचली. नवा दळणवळण-कायदा सिनेटपुढे असताना वॅग्नर आणि हॅटफील्ड ह्या दोन सिनेटरांनी अशी दुरुस्ती सुचविली की, सर्व प्रक्षेपण-सोयींपैकी एक चतुर्थांश भाग शैक्षणिक, धार्मिक, कामगार, शेतकी आदी ना-नफा संस्थांसाठी राखून ठेवावा. दुरुस्ती २३ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळली गेली. अमेरिकेतील नभोवाणीचे स्वरूप त्या मतदानाने पुढील पिढीपुरते निश्चित झाले.

४. एकाच वेळी ऐकणारे राष्ट्र

ह्या व्यापारी व्यवस्थेचे यशही तितक्याच मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९२६ मध्ये 'नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनी' आणि १९२७ मध्ये 'कोलंबिया' ह्या केंद्र-शृंखला स्थापन झाल्या. टेलिफोनच्या तारांनी दूरदूरची केंद्रे जोडून एकच कार्यक्रम किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत ऐकविणे त्यांनी शक्य केले. १९३० च्या जनगणनेत प्रथमच घरी रेडिओ आहे काय असा प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा सुमारे एक कोटी वीस लक्ष कुटुंबांपाशी, म्हणजे शेकडा ४०.३ घरांत तो होता. १९४० मध्ये हे प्रमाण शेकडा ८२.८ झाले. मधली दहा वर्षे भीषण मंदीची होती हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्यांचे महत्त्व कळते. ह्याच दशकाच्या पूर्वार्धात टेलिफोन परवडेनासा झाल्याने कित्येकांनी तो काढून टाकला. रेडिओ मात्र राहिला. एकदा यंत्र घेतले की ऐकण्यास पैसे पडत नसत, आणि ज्यांच्यापाशी काम नव्हते त्यांच्यापाशी वेळ होता.

तथापि हा प्रसार सर्वत्र सारखा नव्हता. १९३० मध्ये न्यू जर्सी राज्यात शेकडा ६३ घरांत रेडिओ होता, तर मिसिसिपी राज्यात शेकडा साडेपाचही नव्हता. वीज नसलेल्या शेतघरांत बॅटरीवर चालणारी यंत्रे वापरावी लागत. असे असूनही नभोवाणीचा खरा उपयोग कदाचित शेतकऱ्यासच अधिक झाला. पूर्वी धान्याचा वा डुकरांचा भाव त्याला व्यापाऱ्याच्या तोंडून कळे. आता तो त्याच दिवशी शिकागोच्या बाजारातून कळू लागला. सौदा करताना कोणाला काय ठाऊक आहे ह्यावर पुष्कळसे अवलंबून असते, आणि तेथे पारडे किंचित का होईना शेतकऱ्याकडे झुकले. हवामानाचे अंदाज, शेतकी खात्याचे सल्ले आणि गृहिणींसाठी पाकक्रिया ह्यांनी एकाकी शेतघरांतील दिवसाला वेळापत्रक दिले.

सांस्कृतिक दृष्ट्या दोन परस्परविरुद्ध प्रवाह एकाच वेळी वाहत होते. न्यूयॉर्कचे नृत्यसंगीत आणि ऑपेरा खेड्यांत पोहोचले. १९३१ च्या नाताळापासून मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग शृंखलेवरून नियमित ऐकू येऊ लागले. उलट दिशेने डोंगराळ दक्षिणेचे संगीत शहरांत आले. शिकागोच्या 'डब्ल्यूएलएस' केंद्राने १९२४ मध्ये आणि नॅशव्हिलच्या 'डब्ल्यूएसएम' केंद्राने १९२५ मध्ये ग्रामीण संगीताच्या शनिवार-रात्रीच्या मैफली सुरू केल्या. जे संगीत पूर्वी एका खोऱ्यातील शेजाऱ्यांनी एकमेकांसाठी वाजवावयाचे, ते आता व्यवसाय बनले. पहिले केंद्र मूळ सीअर्स-रोबक ह्या टपालाने माल विकणाऱ्या दुकानाचे, आणि दुसरे एका विमा कंपनीचे होते, ही गोष्ट ह्या संदर्भात बोलकी आहे.

दुपारच्या वेळी घरात एकट्या असलेल्या गृहिणींसाठी दैनंदिन कौटुंबिक मालिका निघाल्या. १९३३ मध्ये सुरू झालेली 'मा पर्किन्स' ही त्यांपैकी एक होय. साबणाचे कारखाने त्यांचा खर्च करीत, म्हणून लोकांनी त्यांना 'सोप ऑपेरा' असे नाव ठेवले. टीकाकारांनी त्यांचा उपहास केला. परंतु घरकाम, दारिद्र्य आणि विस्कटलेले संसार हे रोज सांगण्यायोग्य विषय आहेत, हे राष्ट्रीय व्यासपीठावर प्रथम ह्याच मालिकांनी मान्य केले.

५. आवाज कोणाचा?

राष्ट्र एकत्र ऐकू लागले ही गोष्ट खरी. पण बोलत होते कोण? ह्या काळातील सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम म्हणजे 'एमॉस अँड अँडी'. १९२८ मध्ये शिकागोत सुरू झालेला हा कार्यक्रम १९२९ पासून देशभर प्रक्षेपित होऊ लागला. त्याच्या वेळी चित्रपटगृहे खेळ थांबवून तो प्रेक्षकांना ऐकवीत. दक्षिणेकडून शहरात आलेल्या दोन कृष्णवर्णीयांची ही कथा होती. परंतु त्यांचे आवाज गॉस्डन आणि कॉरेल ह्या दोन गोऱ्या नटांचे होते. १९३१ मध्ये 'पिट्सबर्ग कुरिअर' ह्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने हा कार्यक्रम बंद व्हावा म्हणून सह्यांची मोठी मोहीम चालविली. ती सफल झाली नाही. कृष्णवर्णीय श्रोत्यांतही मतभेद होते. काहींना त्यातील पात्रांत ओळखीची माणसे दिसत. तथापि मूळ तक्रार कायम राहिली. एका समाजाचे चित्र रोज कोट्यवधी घरांत जात होते, आणि ते रंगविण्यात त्या समाजाचा हात नव्हता.

ह्याला अपवाद होते, पण ते कडेला होते. शिकागोच्या एका लहान केंद्रावर जॅक कूपर ह्यांनी १९२९ मध्ये सर्वस्वी कृष्णवर्णीय कलावंतांचा कार्यक्रम सुरू केला. काही प्रसंगी राष्ट्रीय शृंखलाही वेगळ्या कारणी लागल्या. २२ जून १९३८ रोजी जो लुईने जर्मन मुष्टियोद्धा श्मेलिंग ह्याला पहिल्याच फेरीत पाडले, तेव्हा तो विजय सबंध देशाने ऐकला आणि आपला मानला. ९ एप्रिल १९३९ रोजी मेरियन अँडरसन ह्यांनी लिंकन-स्मारकाच्या पायऱ्यांवरून गायन केले. राजधानीतील एका प्रतिष्ठित सभागृहाने वर्णामुळे त्यांना दार बंद केले होते. नभोवाणीने ते गायन देशभर पोहोचविले. यंत्राच्या अंगी कोणता गुण होता हे अशा प्रसंगी दिसे, आणि व्यवस्थेने त्याचा उपयोग किती क्वचित केला हेही दिसे.

६. राष्ट्राध्यक्ष आणि धर्मोपदेशक

राजकारणावरील परिणाम १९३३ मध्ये स्पष्ट झाला. फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांनी सूत्रे हाती घेतली त्या वेळी देशातील बँका कोसळत होत्या आणि ६ मार्चपासून त्या सर्व बंद ठेवण्यात आल्या. १२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्ट नभोवाणीवरून बोलले. बँक लोकांच्या ठेवींचे काय करते, सर्वांनी एकदम पैसे मागितल्यास काय होते आणि सरकारने कोणती उपाययोजना केली आहे, हे त्यांनी पाऊण तासाच्या वक्तृत्वपूर्ण भाषणात नव्हे, तर सुमारे चौदा मिनिटांत साध्या शब्दांत सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका क्रमाने उघडल्या, तेव्हा काढल्या गेलेल्या पैशांपेक्षा भरणाच अधिक झाला. त्यांच्या अशा भाषणांना पुढे 'शेकोटीजवळील गप्पा' असे नाव पडले. बारा वर्षांत ती सुमारे तीसच झाली. क्वचित बोलण्यातच त्यांचे बळ होते. बहुसंख्य वृत्तपत्रे विरोधात असताना १९३६ च्या निवडणुकीत रूझवेल्ट दोन वगळता सर्व राज्यांत विजयी झाले. ह्याचे श्रेय एकट्या नभोवाणीस देता येणार नाही. परंतु संपादकांची मध्यस्थी टाळून मतदारांपर्यंत पोहोचण्याची वाट आता खुली झाली होती.

तीच वाट इतरांनाही खुली होती. मिशिगन राज्यातील कॅथलिक धर्मोपदेशक चार्ल्स कॉफ्लिन ह्यांनी १९२६ मध्ये एका स्थानिक केंद्रावरून प्रवचनांस प्रारंभ केला. मंदीच्या काळात ते बँकवाल्यांवर आणि सरकारवर तुटून पडू लागले. १९३१ मध्ये कोलंबिया शृंखलेने त्यांना दूर केले, तेव्हा त्यांनी स्वतः वेळ विकत घेऊन स्वतंत्र शृंखला जुळविली. १९३५ च्या जानेवारीत अमेरिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात सामील व्हावे की नाही हा प्रश्न सिनेटपुढे होता. कॉफ्लिन ह्यांनी रविवारी विरोधाचे आवाहन केले, सिनेटरांवर तारांचा वर्षाव झाला, आणि मंगळवारी तो ठराव आवश्यक त्या दोन-तृतीयांश मतांअभावी पडला. १९३८ पर्यंत त्यांच्या प्रवचनांनी उघड ज्यूद्वेषाचे रूप घेतले होते. १९३९ मध्ये प्रक्षेपकांच्या संघाने वादग्रस्त मतप्रचारासाठी वेळ विकण्यावर निर्बंध घातले, आणि १९४० मध्ये त्यांचा आवाज बंद झाला.

ह्या दोन उदाहरणांतून निष्पन्न होणारा निष्कर्ष सुखद नाही. घरातील माणसाप्रमाणे बोलणारा आवाज भीती घालवू शकतो, तसा द्वेषही पेरू शकतो. आणि त्याला आवर घालण्याचा निर्णय लोकप्रतिनिधींनी नव्हे, वेळ विकणाऱ्यांच्या संघाने घेतला.

७. वार्ता आणि विश्वास

वृत्तपत्रांनी ह्या नव्या प्रतिस्पर्ध्यास सहजासहजी वाट दिली नाही. मंदीत जाहिरातींचे उत्पन्न घटत असताना नभोवाणीचे मात्र वाढत होते. १९३३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात झालेल्या करारान्वये नभोवाणीवर दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटेच बातम्या द्याव्यात असे ठरले. दोन वर्षांतच तो करार निष्प्रभ झाला. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा एडवर्ड मरो व्हिएन्नाहून बोलले, आणि सप्टेंबरमधील म्यूनिक-प्रकरणी कोट्यवधी अमेरिकन दिवसरात्र रेडिओजवळ बसले. युरोपची कटकट आपली नव्हे असे मानणाऱ्या समाजाला ती आपल्या दिवाणखान्यात ऐकू येऊ लागली.

ह्याच पार्श्वभूमीवर ३० ऑक्टोबर १९३८ ची प्रसिद्ध घटना घडली. मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीचे नाटक ऑर्सन वेल्स ह्यांनी बातमीपत्राच्या रूपात सादर केले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी देशभर हाहाकार उडाल्याचे मथळे छापले. १९४० मध्ये प्रिन्स्टनच्या कँट्रिल ह्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि भोळ्या जनसमूहाचे उदाहरण म्हणून ती कथा पाठ्यपुस्तकांत गेली. अलीकडील संशोधकांच्या मते मात्र घबराट झाली तरी ती मर्यादित होती. त्या वेळी बहुसंख्य श्रोते दुसऱ्या शृंखलेवरील लोकप्रिय कार्यक्रम ऐकत होते. नभोवाणी बेजबाबदार आहे हे दाखविण्यात वृत्तपत्रांचा हितसंबंध होता, ही गोष्ट त्यांच्या मथळ्यांचे मूल्यमापन करताना विसरून चालणार नाही. जे घाबरले त्यांच्याविषयीही एवढे म्हणता येईल की, बातमीपत्राच्या आवाजावर विश्वास ठेवण्यास त्यांना महिन्याभरापूर्वीच म्यूनिकने शिकविले होते.

८. उपसंहार

एवंच, वीस वर्षांत अमेरिकन समाजात एक अपूर्व गोष्ट घडली. परस्परांना न पाहिलेली कोट्यवधी माणसे एकाच क्षणी एकच आवाज ऐकू लागली. त्यायोगे प्रादेशिक अंतर कमी झाले, शेतकऱ्याचे अज्ञान घटले, शासन आणि प्रजा ह्यांच्यात नवा जवळीकभाव आला आणि परदेशच्या घडामोडी घराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. ही जमेची बाजू लहान नाही. परंतु आरंभीच्या हौशी काळात जो ऐके तो बोलूही शके; १९३४ नंतर बोलणारे थोडे आणि ऐकणारे सर्व, अशी विभागणी पक्की झाली. कोणी बोलावे हे वेळ विकत घेण्याच्या ऐपतीवर ठरू लागले. ज्या समाजाने आकाशातील तरंग सार्वजनिक आहेत असे कायद्यात लिहिले, त्यानेच त्यांचा वापर जवळजवळ संपूर्णपणे खासगी विक्रीसाठी सोपविला. हा विरोधाभास आद्य नभोवाणीचा खरा वारसा होय.

पुढील इतिहासात ह्या निर्णयाची दुरुस्ती करण्याचे प्रयत्न झाले. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शृंखलांवरील निर्बंध वैध ठरविले आणि नॅशनल कंपनीला आपली एक शृंखला विकावी लागली. १९४५ मध्ये नव्या एफएम पट्ट्यातील काही भाग शिक्षणकार्यासाठी राखला गेला. १९६७ मध्ये सार्वजनिक प्रक्षेपणाचा कायदा होऊन त्यासाठी केंद्रीय निधीची तरतूद झाली; म्हणजे वॅग्नर-हॅटफील्ड दुरुस्तीमागील विचाराला अंशतः मान्यता मिळण्यास तेहतीस वर्षे लागली. २०२५ मध्ये काँग्रेसने तो निधीही काढून घेतला. खर्च कोणी सोसावा हा १९२२ सालचा प्रश्न अमेरिकेत एकदाच सुटला असे आजवर झालेले नाही. ज्यांनी तो प्रथम विचारला त्यांचा पराभव झाला, एवढ्यावरून तो प्रश्न गैर होता असे मात्र ठरत नाही.